आपल्या पेशींतील राखणदार

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या दिवशी, हळदीकुंकू आणि फराळ यांच्या मध्ये, कर्करोगावर भाषण ठेवावयाचे हे धाडस आपल्या कार्यकारिणीने केले, याबद्दल मी प्रथम तिचे अभिनंदन करते. चिटणीसबाई निमंत्रण घेऊन आल्या तेव्हा त्यांनी एकच अट घातली. म्हणाल्या, "बायकांना घाबरवू नका, पण गुळमुळीतही बोलू नका." ती अट पाळण्याचा मी प्रयत्न करीन. तुमच्यापैकी काही जणींनी आधीच नाव न घालता चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून पाठवले आहेत. शेवटी त्यांचीही उत्तरे देईन.

माझा व्यवसाय जरा निराळा आहे. मी डॉक्टर आहे, पण कोणाची नाडी पाहत नाही की औषध लिहून देत नाही. शस्त्रक्रियेत काढलेला किंवा सुईने घेतलेला शरीराचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत माझ्याकडे येतो. तो मेणाच्या वडीत बसवावयाचा, त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढावयाचे, काचपट्टीवर ठेवून रंगवावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगावयाचे की गाठ साधी आहे की कर्करोगाची. हे काम करताना मला एक गोष्ट रोज दिसते आणि तीच आज सांगावयाची आहे. कर्करोग हा बाहेरून एका रात्रीत पडलेला दरोडा नव्हे. आपल्याच पेशींत काही राखणदार असतात. ते एकेक करून नाहीसे होतात, आणि मग रोग होतो. हे राखणदार जाण्यास बहुधा वर्षानुवर्षे लागतात. तेवढा अवधी आपल्या हातात असतो. तो आपण कशात घालवतो, हा खरा प्रश्न आहे.

या राखणदारांना शास्त्रात अर्बुदरोधक प्रथिने म्हणतात. अर्बुद म्हणजे गाठ. गाठ होऊ न देणारी ती अर्बुदरोधक. प्रथिने म्हटले की आपल्याला डाळ, उसळ, दूध आठवते. ती प्रथिने अन्नातली. ही निराळी, पेशीने आपल्या आत स्वतः घडवलेली, ठरावीक काम करणारी. तेव्हा डाळीची वाटी वाढवून ही वाढत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी आहेत. कातडी झिजते, आतड्याचे अस्तर दर थोड्या दिवसांनी नवे होते, रक्त नवे होते. त्यासाठी पेशी दुभंगतात आणि एकीच्या दोन होतात. दुभंगण्यापूर्वी पेशीला आपल्या जनुकांचा सारा मजकूर उतरवून घ्यावा लागतो. एवढा मोठा मजकूर इतक्या वेळा उतरवावयाचा म्हणजे चुका होणारच. आपल्यातील विणकाम करणाऱ्या भगिनींना हे सांगावयास नको. टाका सुटतो. सुटलेला टाका तेथेच ध्यानात आला तर उचलता येतो. न आला तर वीस ओळी पुढे गेल्यावर सारा स्वेटर बिघडतो.

पेशीतील राखणदारांचे काम नेमके हेच आहे. आरबी नावाचे प्रथिन पेशीला म्हणते, "थांब, दुभंगण्याची वेळ झालेली नाही." पी-५३ नावाचे प्रथिन मजकुरात बिघाड झाला की काम थांबवते, दुरुस्तीस वेळ देते, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला स्वतःचा अंत करावयास लावते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिने तुटलेला धागा जोडण्याच्या कामात असतात. एकाने चूक हेरावी, एकाने हात थांबवावा, एकाने टाका उचलावा, असे हे खाते आहे. आपल्या अंगात हे काम अहोरात्र चालू असते आणि आपल्याला त्याची वार्ताही नसते.

असे राखणदार आहेत हे माणसाला कळले कसे, तीही हकीगत ऐकण्यासारखी आहे. १९६९ साली ऑक्सफर्डचे हेन्री हॅरिस आणि त्यांचे सहकारी यांनी कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी एकत्र करून त्यांची एकच पेशी बनवली. अपेक्षा अशी की कर्करोग जिंकेल. झाले उलटे. जोडलेली पेशी पुष्कळदा शहाण्यासारखी वागू लागली. याचा अर्थ निरोगी पेशीत असे काहीतरी होते, जे कर्करोगाच्या पेशीने गमावले होते.

दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेतील ह्यूस्टन येथील बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड क्नडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या एका कर्करोगाच्या ४८ रोग्यांची टिपणे तपासली. काही मुलांना तो अगदी तान्हेपणी आणि दोन्ही डोळ्यांत होई. काहींना थोड्या उशिरा आणि एकाच डोळ्यात. क्नडसन यांनी केवळ आकडेमोडीवरून उलगडा केला. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. एक बिघडली तरी दुसरी काम सांभाळते. दोन्ही गेल्या की राखण संपली. ज्या बाळाला जन्मतःच एक प्रत बिघडलेली मिळते, त्याच्या डोळ्यातील कोणत्याही एका पेशीत दुसरी प्रत बिघडणे पुरे. म्हणून त्याला रोग लवकर होतो. दुसऱ्या बाळाच्या एकाच पेशीत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, म्हणून उशीर आणि एकच डोळा. हा जनुक पुढे १९८६ मध्ये हाती लागला. आरबी तो हाच.

जाता जाता आज्यांना एक सांगते. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली, किंवा प्रकाश टाकून काढलेल्या छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली पांढरी आली, तर दृष्ट काढीत बसू नका. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. वेळेवर आलेल्या बहुतेक बाळांचा जीव वाचतो, आणि पुष्कळदा डोळाही.

पी-५३ ची कथा अधिक मौजेची आहे. ते १९७९ मध्ये सापडले. ५३ हा आकडा त्याच्या त्या वेळी मोजलेल्या वजनावरून आला. कर्करोगाच्या पेशींत ते भरपूर दिसे, म्हणून पहिली दहा वर्षे शास्त्रज्ञांनी त्यालाच चोर ठरवले. १९८९ मध्ये ध्यानात आले की प्रयोगांत वापरलेली पी-५३ ची प्रत मुळात बिघडलेली होती. बिघडलेले पी-५३ रोगाला साथ देते, धड असलेले पी-५३ रोगाला अडवते. दहा वर्षे ज्याच्यावर आळ होता तो घरचा राखणदार निघाला! आज आपण जाणतो की माणसाच्या सर्व कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत हा एकच राखणदार बिघडलेला असतो. २०१५ मध्ये असेही कळले की हत्तीजवळ या जनुकाच्या सुमारे वीस जोड्या असतात, आणि एवढे अवाढव्य शरीर असूनही हत्तीला कर्करोग क्वचितच होतो. गजाननाने आपल्यासाठी मात्र एकच जोडी ठेवली आहे. ती जपली पाहिजे.

मग ती बिघडवते कोण? काही बिघाड नुसत्या योगायोगाने होतो, कोणाचाही दोष नसताना. पण काही शत्रू माहीतगार आहेत, आणि त्यांतले दोन तर आपल्या घरात वावरतात.

पहिला तंबाखू. तंबाखूच्या धुरातील एक विष पी-५३ च्या जनुकात नेमके कोणत्या ठिकाणी चिकटते, हे १९९६ मध्ये दाखवण्यात आले; फुप्फुसाच्या कर्करोगात तो जनुक नेमका त्याच ठिकाणी बिघडलेला असतो. आपण कोठे विडी ओढतो, असे कोणी म्हणेल. पण मिश्री लावणाऱ्या किती जणी येथे आहेत? हात वर करू नका, मनातच मोजा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दात घासण्याच्या नावाखाली दिवसातून चार वेळा हिरड्यांवर चोळली जाते. तोंडाच्या पेशी ती चार वेळा सोसतात.

दुसरा शत्रू कोठीत असतो. ओल लागलेल्या शेंगदाण्यांवर आणि मक्यावर येणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष यकृताच्या पेशींत पी-५३ वर एका ठरावीक जागी घाव घालते. १९९१ मध्ये चीन आणि आफ्रिकेतील रोग्यांत तो घाव ओळखला गेला. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील भागात बुरशी आलेला मका खाऊन काविळीची साथ आली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली, तीही याच विषाने. तेव्हा कडवट, काळवंडलेला, बुरसटलेला शेंगदाणा "भाजला की चालतो" म्हणून कुटात घालू नका. भाजल्याने ते विष पुरते जात नाही. दाणे निवडताना दोन दाणे अधिक टाकून द्या.

तिसरा शत्रू हा एक विषाणू आहे, आणि त्याच्याविषयी मला विस्ताराने बोलावयाचे आहे, कारण तो विशेषकरून आपल्या स्त्रियांच्या वाट्याला येतो.

१९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आली. वय ३० वर्षे, पाच मुलांची आई, घरची गरिबी. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. उपचाराच्या वेळी तिच्या गाठीचा लहानसा तुकडा तिला न विचारता काढून घेण्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वारली. पण डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत तिच्या पेशी वाढतच राहिल्या. तोवर माणसाच्या पेशी काचेच्या नळीत फार दिवस जगत नसत. तिच्या नावावरून त्यांना हेला पेशी म्हणतात. त्या जगभर गेल्या आणि आजही जगत आहेत. तिच्या घरच्यांना याचा पत्ता वीस वर्षांहून अधिक काळ नव्हता. ज्ञानाच्या नावाने एका गरीब आईवर झालेला हा अन्याय आहे, आणि तिच्या पेशींविषयी बोलताना तो विसरू नये.

याच डॉ. गाय यांच्या प्रयोगशाळेत पुढे आपल्या पुण्याच्या, हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून आल्या. त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभारली, आणि उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर अनेक वर्षे काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांची ओळख आपल्या मुलींना करून द्यावी.

हेन्रिएटाच्या पेशींत काय बिघडले होते? जर्मनीचे हॅराल्ड झुर हाउसेन यांच्या चमूने त्यांत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे ज्याला थोडक्यात एचपीव्ही म्हणतात त्याचा, अठरावा प्रकार शोधून काढला. या कामाबद्दल झुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू पेशीत शिरला की दोन प्रथिने तयार करतो. एक पी-५३ ला धरून त्याचा नाश करवते. दुसरे आरबीला जखडून टाकते. जनुक शाबूत आहेत, पेशी राखणदार घडवीतही आहे, पण घडवला की तो मारला जातो.

२००० साली येल विद्यापीठातील संशोधकांनी हेला पेशींतील विषाणूची ही दोन हत्यारे बंद पाडली. आणि काय आश्चर्य! जवळजवळ अर्धशतक अखंड दुभंगत आलेल्या त्या पेशी थांबल्या. आत दडपलेले राखणदार पुन्हा उभे राहिले. शत्रू दूर केला तर राखणदार कामावर येतो, हे त्यातून दिसले.

याचा आपल्याशी संबंध असा. हा विषाणू फार सर्वसाधारण आहे. शरीरसंबंधातून तो येतो, आणि संसारी स्त्रीपुरुषांपैकी बहुतेकांना तो कधीतरी होऊन जातो. त्यावरून कोणाच्या चालीविषयी तर्क करणे हा शुद्ध अन्याय होय. बहुतेक जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींत तो ठाण मांडून बसतो. त्यानंतर कर्करोग होण्यास बहुधा पंधरा-वीस वर्षे लागतात. पंधरा वर्षे! एवढ्या काळात एकदा जरी तपासणी झाली तरी धोक्याचा डाग सापडतो आणि साध्या उपचाराने काढून टाकता येतो.

हे पोकळ बोलणे नव्हे. आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून खेड्यापाड्यांतील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होते. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या गावांत स्त्रियांना एचपीव्हीच्या एकाच तपासणीची सोय दिली, तेथे या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न दिलेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्या मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांनी साऱ्या जगाला शिकवलेला हा धडा आहे. आपण शहरातल्या बायका तो घेणार की नाही?

आणि मुलींसाठी तर लसच आहे. ९ ते १४ वर्षांच्या वयात ती दिली की तिच्यात असलेल्या विषाणूच्या प्रकारांपासून मुलीचे संरक्षण होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली अशी लस २०२३ पासून मिळते. लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करून घ्यावयाचीच.

आता माझ्या टेबलावर हे राखणदार कसे दिसतात, ते थोडक्यात सांगते. कापावर आम्ही असे द्रव्य टाकतो की जे एकाच प्रथिनाला चिकटते आणि तेथे तपकिरी रंग उमटवते. निरोगी पेशीत पी-५३ घडते आणि थोड्या मिनिटांतच मोडले जाते, म्हणून येथे एक, तेथे एक, कोठे फिकट, कोठे गडद असे ठिपके दिसतात. प्रथिन बिघडले की ते मोडले जात नाही, साचून राहते. मग गाठीतील झाडून साऱ्या पेशी गडद तपकिरी दिसतात. आणि जनुक पुरताच मोडला असेल तर एकही ठिपका नसतो. म्हणजे सर्वत्र रंग हेही वाईट आणि मुळीच रंग नसणे हेही वाईट. बीजकोशाच्या एका उग्र कर्करोगात पी-५३ जवळजवळ नेहमीच बिघडलेले असते, म्हणून तो ओळखताना या रंगाचा मोठा आधार होतो.

गर्भाशयमुखाच्या तुकड्यात आम्ही पी-१६ नावाचे दुसरे प्रथिन पाहतो. विषाणूने आरबीला जखडले की पी-१६ साचत जाते. पहारेकरी जागेवर नाही असे पाहून मुकादम हाकांवर हाका मारीत राहतो, तसा हा प्रकार आहे. पट्टीवर तपकिरी पट्टा दिसला की आम्ही समजतो, हा डाग आपोआप जाणारा नव्हे, याच्याकडे लक्ष द्यावयास हवे. मात्र नुसत्या रंगावरून निदान होत नाही. पेशींची ठेवण, रोग्याची हकीगत, इतर तपासण्या, सारे एकत्र पाहून आम्ही अहवाल लिहितो. म्हणून अहवालातील एक शब्द वाचून रात्रभर रडत बसू नका; तो घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता चिठ्ठ्यांकडे वळते.

पहिली चिठ्ठी: "गाठीला सुई लावली की रोग पसरतो, हे खरे का?" ही भीती मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. योग्य रीतीने घेतलेल्या तुकड्यामुळे रोग पसरतो ही समजूत मनातून काढून टाका. तुकड्यावाचून गाठीतला कोणता राखणदार गेला हे कळत नाही, आणि ते न कळता उपचार ठरत नाही. सुईच्या भीतीने घालवलेले सहा महिने मात्र रोगाला मिळतात.

दुसरी चिठ्ठी: "मी कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही, उपासतापास नेमाने केले. मग मलाच का?" ही लिहिणाऱ्या ताईंना मी एवढेच सांगेन की, तुमचे काही चुकले म्हणून हे झाले नाही. लाखो कोटी पेशींच्या उतरवणीत कोठेतरी एक टाका सुटला आणि राखणदाराची नजर चुकली. हे कर्माचे फळ नव्हे, कोणाची नजर लागणेही नव्हे. आणि ज्या घरात सुनेला "तुझ्या पायगुणाने झाले" असे ऐकवले जाते, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी क्नडसन यांचे ते ४८ रोग्यांचे टिपण जरूर लक्षात ठेवावे. तान्ह्या बाळाने कोणते पाप केले होते?

तिसरी चिठ्ठी मी मुद्दाम शेवटी ठेवली. ती अशी: "माझ्या आईला आणि मावशीला स्तनाचा कर्करोग झाला. माझी मुलगी लग्नाची आहे. आम्ही ही गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. ती सांगावी का?"

या चिठ्ठीत आपल्या साऱ्या समाजाचे दुखणे आहे. म्हणून नीट ऐका. स्तनाचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे पाच ते दहा जणींतच तो जन्मतः मिळालेल्या जनुकाच्या बिघाडामुळे होतो. उरलेल्या नव्वदांच्या लेकींना आईकडून तसा बिघाड आलेला नसतो. पण त्या थोड्या घरांसाठी ही माहिती जीव वाचवणारी आहे. असा बिघाड असतो हेच मानावयास अनेक शास्त्रज्ञ तयार नव्हते. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषीने दीड दशकाहून अधिक काळ घराघरांच्या वंशावळी गोळा केल्या आणि १९९० मध्ये त्याची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवून दिली. १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि पुढच्याच वर्षी बीआरसीए-२ हाती लागले. यांतील एखादी प्रत बिघडलेली घेऊन जन्मलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजकोशाच्या कर्करोगाचाही धोका पुष्कळ वाढतो.

ही बिघडलेली प्रत जशी आईकडून येते तशीच वडिलांकडूनही येते, आणि प्रत्येक अपत्याला ती मिळण्याचा संभव निम्मा असतो, मुलगा असो की मुलगी. म्हणून आत्याचा आणि वडिलांच्या आईचा आजारही मोजावयाचा. डॉक्टरांनी विचारले की आपण माहेरचे सांगतो आणि बापाकडचे राहून जाते. ज्याच्या अंगी ही प्रत आहे त्या पुरुषालाही काही कर्करोगांचा धोका वाढतो. तेव्हा हा "बायकांकडून आलेला दोष" नव्हे.

आता उत्तर. ताई, सर्वांत आधी ही गोष्ट आपल्या मुलीला सांगा. ती तिची आहे. मग दोघी मिळून कर्करोगतज्ज्ञाकडे जा. जनुकांची तपासणी प्रत्येकीला लागत नाही. शक्य असेल तर आधी ज्या नातेवाइकाला रोग झाला त्याची करतात, आणि करण्यापूर्वी तिचा अर्थ समजावून सांगतात. तपासणीत काही आढळले नाही तर एक मोठे ओझे उतरेल. आढळले तर लहान वयापासून नियमित तपासण्या, आणि पुढे इतर उपाय, असे मार्ग आहेत. रोग झालाच तर आता अशी औषधेही आहेत की जी नेमकी या बिघाडाचाच फायदा घेतात. दुरुस्तीचा एक रस्ता आधीच बंद पडलेल्या पेशीचा दुसरा रस्ताही ती अडवतात आणि ती पेशी मरते. निरोगी पेशींना पहिला रस्ता असल्याने त्या बहुतांशी तरून जातात. असे पहिले औषध २०१४ पासून वापरात आहे.

लग्नाच्या बाबतीत कोणाला काय आणि केव्हा सांगावयाचे, हे त्या मुलीने स्वतः जाणून घेऊन ठरवावे. पण तिच्यापासूनच लपवले तर तिला ठरवताही येणार नाही. आणि येथे बसलेल्या वरमायांना माझे सांगणे आहे. ज्या घरची मुलगी आपल्या आजीचा आजार उघडपणे सांगते, त्या घराला नकार देऊ नका. असा नकार एकीला मिळाला की दहा घरे तोंड मिटतात, आणि त्या दहा घरांतील एखादी मुलगी तिशी-पस्तिशीत उशिराने आमच्याकडे येते. तिची काचपट्टी पाहताना मला रोगापेक्षा त्या मौनाचा अधिक राग येतो.

भगिनींनो, आपल्या मंडळाने शिवणवर्ग चालवले, भिशी चालवली, अडल्यानडलेल्या घरी डबे पोचवले. आता तीन कामे आणखी करावी अशी माझी विनंती आहे. प्रत्येकीने हिशेबाच्या वहीचे एक पान काढून त्यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांत कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या जागी कर्करोग झाला ते लिहून ठेवावे. मंडळाने वर्षातून एक दिवस ठरवून तिशीपुढच्या सर्व सभासदांना एकत्र तपासणीस न्यावे; एकटीला लाज वाटते, पंधरा जणींना वाटत नाही. आणि स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर लाल गेले, शरीरसंबंधानंतर रक्त दिसले, किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर ते शेजारणीला सांगण्याआधी डॉक्टरांना सांगावे. आणि ज्या शेजारणीला सांगितले तिने "होईल बरे" न म्हणता बरोबर चलावे.

राखणदार आपले काम मुकाट्याने करीत असतात. ते थकले, पडले, तर त्यांच्या जागी उभे राहणे आपल्याकडे येते.